माळेगावात घोडा घेणारे शेकडो, पण म्हाताऱ्या घोड्याचा धनी कोण?

गोदाकाठ (गंगाखेड), धागाकर्ता

मार्गशीर्ष जवळ आला की आमच्याकडच्या घोडेवाल्यांच्या तोंडी माळेगावशिवाय दुसरं काही नसतं. लोहा तालुक्यातली ही खंडोबाची यात्रा म्हणजे घोडे, गाढवं, उंट, कुत्री सगळ्यांचा बाजार. कुणाची घोडी पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे, कुणाच्या शिंगराला देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) आहे, कुणी मारवाडी आणलाय, कुणी काठेवाडी, भाव किती लाखांवर गेला, हेच बोलणं. पण दहा-बारा वर्षांपूर्वी याच बाजारात मिरवलेले घोडे आज कुठं आहेत, हे विचारताना मी कुणाला ऐकलं नाही.

नीट सांभाळला तर घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. वरातीचं, बग्गीचं, टापांवर नाचवायचं काम तो फार तर पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत करतो. त्याच्यापुढं त्याला कोण पोसतं? आमच्या भागात घोड्याची एक उतरंड ठरलेली आहे. हौशी माणसाच्या दारातून तो वरातवाल्याकडं जातो, वरातवाल्याकडून वीटभट्टीवर, आणि भट्टीवरून रस्त्यावर. लग्नसराई संपली की परभणी-गंगाखेड रस्त्याच्या कडेला अशी जनावरं दिसायला लागतात. खोगिरानं पाठीला पडलेली जखम, पुढच्या पायाचा नाल निम्मा निघालेला, खूर वाढून वर वळलेलं.

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटात यावरून मोठं भांडण झालं. एक बाजू म्हणते, घोड्याचा कत्तलखाना अधिकृत करा, मालकाला चार पैसे मिळतील आणि जनावर सडून मरणार नाही. दुसरी बाजू म्हणते, खंडोबाचं वाहन आहे, नाव काढू नका. मला दोन्हींत एकच खोट दिसते. ज्यानं त्या घोड्यावर वर्षानुवर्षं कमावलं, तो दोन्हीकडं मोकळा सुटतो. पहिल्यात तो शेवटचे पैसेही घेऊन सुटतो, दुसऱ्यात हात जोडून सुटतो. माझं म्हणणं एवढंच की घोड्याचा शेवट त्याच्या धन्याच्या अंगावर पाहिजे. ती जबाबदारी त्याच्यावर कशी टाकायची, यावर बोलू या.

येळकोट

दादा, तुमची कळकळ समजते, पण कत्तलीचा विषय माळेगावच्या नावासोबत यायलाच नको होता. माझ्या घरी खंडोबाचं कुलदैवत. देव घोड्यावर बसलेला आहे, त्याच्या टाकावरसुद्धा घोडा असतो. दर रविवारी ज्याच्यापुढं तळी भरायची, त्याचंच वाहन कापायचं? आषाढी वारीत माउलींच्या अश्वाच्या टापेखालची माती लोक कपाळाला लावतात. त्या लोकांना तुम्ही कत्तलखाना समजावून सांगणार का?

नांदेडला जाऊन बघा. हुजूर साहिबला गुरू गोविंदसिंगांच्या घोड्याचा वंश मानून घोडे सांभाळतात. सणाला ते नगरकीर्तनात निघतात, त्यांच्यावर कुणी बसत नाही, म्हातारे झाले तरी तिथंच राहतात. श्रद्धा असली की जनावर सांभाळलं जातं, हे आपल्याच जिल्ह्यात रोज दिसतं.

कोरडवाहू (आष्टी)

येळकोट, गुरुद्वाऱ्याच्या मागं देशभरातून येणारं दान आहे. माझ्यामागं साडेतीन एकर खडकाळ रान आहे.

मी घोडा पाळत नाही, पण बैलाचं जे झालं ते भोगलंय. २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीची दुरुस्ती लागू झाली आणि त्याच सुमारास सलग दुष्काळ पडले. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते २०१६ साल आठवा. त्या वर्षी माणसाला पाणी नव्हतं, बैलाला कुठून आणणार? पूर्वी म्हातारा बैल बाजारात जायचा, त्या पैशात थोडी भर टाकून गोऱ्हा यायचा. ते चक्र बंद पडलं. मग रात्री दावं कापून बैल दुसऱ्याच्या शिवारात हाकलायला लागले, आणि ज्याच्या शिवारात ते शिरले त्याच्या ज्वारीचं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

म्हणून सांगतो, बंदी घालणारा आणि चारा घालणारा एकच माणूस असला पाहिजे. तो नसेल तर कत्तलखाना असलेला बरा. निदान तिथं मरण तासाभराचं असतं, रस्त्यावर ते महिनाभराचं असतं.

डॉ. खरारा (हिंगोली)

मी पशुवैद्यक. शिक्षण उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, नोकरी सरकारी दवाखान्यात. इथं दोन-तीन गोष्टींचा घोळ होतोय, तो आधी काढतो.

१९७६ चा महाराष्ट्र प्राणी रक्षण कायदा आणि त्याची २०१५ ची दुरुस्ती मुख्यतः गोवंशाबद्दल आहे, त्यात घोडा येत नाही. हे खरं. पण म्हणून घोडा कापायला मोकळीक आहे असं नाही. अन्नसुरक्षेच्या नियमांत मांसासाठी कोणती जनावरं चालतात ते ठरवून दिलंय. गाय-म्हैसवर्ग, शेळी, मेंढी, डुक्कर, कोंबडीवर्ग, मासे, पुढं ससा. घोडा, गाढव, खेचर त्यात नाहीत. तेव्हा घोड्याचं मांस खाद्य म्हणून विकणं आपल्याकडं बेकायदाच आहे, आणि 'अधिकृत करा' म्हणजे नुसता एक परवाना द्या असं नव्हे, तर देशाचा नियम बदला.

तो बदलू नये असं वैद्य म्हणून माझं मत आहे. घोड्याला आयुष्यभर दुखण्यावर फिनाइलब्युटाझोन टोचतात. ज्या जनावराचं मांस माणूस खाणार त्याला हे औषध चालत नाही. वरातीच्या घोड्याला कुणी, कधी, किती इंजेक्शनं दिली याची नोंद एकाही मालकाकडं नसते. कोरडवाहू अण्णा, बैलाचं आणि घोड्याचं गणित इथं वेगळं होतं.

दुसरं, सोडून देण्याबद्दल. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा आहे, त्याचं कलम ११. जनावर उपाशी-तहानलेलं तडफडेल अशा अवस्थेत विनाकारण सोडून देणं हा गुन्हा आहे. शिक्षा काय? पहिल्या वेळी १० ते ५० रुपये दंड. १९६० चा आकडा आजही तोच. एका वरातीत घोडी नाचवायचे हजारो रुपये घेणाऱ्या माणसाला पन्नास रुपयांची काय भीती?

तांगा स्टँड

डॉक्टरसाहेब, सलाम. माझे अब्बा परभणी स्टेशनला तांगा चालवायचे, त्यांच्या आधी आजोबा. म्हणून घोडेवाल्यांच्या बाजूनं दोन शब्द बोलतो, कारण या धाग्यावर ते एकटेच गुन्हेगार दिसायलेत.

घोडा सांभाळणं म्हणजे काय ते सांगतो. सकाळी खरारा, मग पाणी, मग तोबऱ्यात हरभरा नाहीतर जव, वर कडबा नाहीतर घास. तीनशे किलोच्या घोड्याला सुका चारा दिवसाला सहा-सात किलो लागतो, काम असो वा नसो. महिन्या-दीड महिन्याला नालबंद. परभणीत पूर्वी नालबंदांची दुकानं होती, आता एखादाच म्हातारा उरलाय आणि तो सांगेल त्या दिवशी आपण जायचं. घोड्याला ओकता येत नाही, म्हणून पोटशूळ उठला की तो लोळतो, घामानं निथळतो, आणि रात्रीतून जातो. लग्नाच्या तिथी वर्षातून चाळीस-पन्नास, खाणं तीनशे पासष्ट दिवस. वरातीचे हजारो दिसतात, डॉक्टरसाहेब, पण त्यातून बँडवाल्या ठेकेदाराचा वाटा, टेम्पोचं भाडं, पोरांची मजुरी जाते.

रिक्षा आल्या तेव्हा तांगेवाल्यांसाठी कुणी काही केलं नाही. मुंबईत व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करायचा हुकूम २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं दिला तेव्हा निदान पुनर्वसनाची चर्चा तरी झाली. आमच्याकडं तांगे आपोआप संपले. अब्बांनी शेवटचा घोडा विकला नाही. त्याचं नाव राजा. तांगा मोडून चाकं विकली, पण राजाला अंगणात ठेवलं आणि स्वतः हमाली केली. घरात त्याच्यावरून भांडणं व्हायची हेही खरं आहे. आमच्यातही घोडा कुणी खात नाही, येळकोटभाऊ. कत्तलीच्या गाडीवाल्याला घोडा देणारा माणूस खुशीत देत नाही.

येळकोट

तांगा स्टँड, तुमच्या अब्बांना माझा नमस्कार. माझ्या मनातलं हेच आहे, ठेवणारा ठेवतो.

तांगा स्टँड

पण भाऊ, प्रत्येकाच्या घरात हमाली करून घोडा पोसायची ताकद नसते. अब्बांचं उदाहरण देऊन बाकीच्यांना दोष देऊ नका, एवढं सांगायचंय.

औसेकर (सध्या टेक्सास)

धागा वाचून राहवलं नाही. मूळ औशाचा, बरीच वर्षं टेक्सासात आहे, आणि तुम्ही ज्यावर भांडताय तेच भांडण इथं होऊन गेलंय. त्याचं फळ काय निघालं ते सांगतो.

अमेरिकेत घोड्यांचे शेवटचे तीन कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले. दोन टेक्सासचे, एक फोर्ट वर्थला आणि एक कॉफमन गावात, तिसरा इलिनॉय राज्यात. मांस जायचं युरोपात, इथले लोक घोडा खात नाहीत. टेक्सासात घोड्याचं मांस खाण्यासाठी विकायला बंदी करणारा कायदा १९४९ पासून पडून होता, तो न्यायालयानं उचलून धरला. दिल्लीसारखं इथं वॉशिंग्टन, तिथल्या संसदेनं त्याआधीच कत्तलखान्यातल्या सरकारी तपासनिसांचा पैसा बंद केला होता. तपासणी नाही तर विक्री नाही. कॉफमनचे लोकही वैतागले होते, गटारात रक्त आणि गावभर वास.

प्राणीमित्रांनी आनंद साजरा केला. आणि घोडे? ते ट्रकमध्ये भरून मेक्सिकोला आणि कॅनडाला जायला लागले. सरकारच्याच लेखापरीक्षण संस्थेनं २०११ मध्ये अहवाल दिला. बंदीआधी देशातले जेवढे घोडे कत्तलीला जायचे जवळपास तेवढेच, सुमारे १ लाख ३८ हजार, २०१० मध्ये सीमेपलीकडं गेले. प्रवास लांबला, आणि तिकडं इथला कुठलाच कायदा चालत नाही. वर २००८ ची मंदी आली आणि स्वस्तातल्या घोड्यांचे भाव आणखी पडले, सोडून दिलेल्या घोड्यांच्या तक्रारी वाढल्या. कत्तलीच्या बाजूचे हा अहवाल दाखवतात आणि म्हणतात, बघा. विरोधातले तोच दाखवतात आणि म्हणतात, सीमाही बंद करा. पुढं निर्यात बरीच उतरली, पण थांबलेली नाही.

मोठं नाव असलं म्हणून घोडा वाचतो असंही नाही. फर्डिनांड नावाचा घोडा १९८६ ची केंटकी डर्बी ही इथली नावाजलेली शर्यत जिंकलेला. त्याला पैदाशीसाठी जपानला विकलं, पैदास पटेना तेव्हा २००२ मध्ये तो तिथं कत्तलखान्यात गेला.

आणि सरकारनंच सगळे सांभाळावेत म्हणणाऱ्यांसाठी. इथल्या मोकाट रानघोड्यांना १९७१ च्या कायद्यानं संरक्षण आहे. कुरणाला झेपत नाहीत म्हणून सरकार त्यांना पकडतं आणि कोंडवाड्यांत, भाड्याच्या कुरणांत ठेवतं. असे साठ हजारांहून जास्त घोडे आज सरकारच्या पदरी आहेत आणि त्या खात्याच्या पैशाचा मोठा वाटा नुसत्या चाऱ्यात जातो.

कोरडवाहू (आष्टी)

औसेकर, म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं. बंदी घातली, घोडे मरायचे थांबले नाहीत, लांब जाऊन मेले.

औसेकर (सध्या टेक्सास)

निम्मं खरं ठरलं अण्णा. कत्तलखाने चालू होते तेव्हाही लिलावात लंगडी, आंधळी, गाभण घोडी दाटीवाटीनं भरून हजार-हजार मैल न्यायचे. दोन मजली ट्रक जनावरांचे, घोड्याला त्यात मान वर करता यायची नाही. कत्तलीला भाव आहे म्हटल्यावर कितीही शिंगरं काढायला पैदास करणारा घाबरत नाही, कारण उरलेल्याला गिऱ्हाईक ठरलेलं. इथं खरंच कामाला आलेली गोष्ट छोटी आहे. काही ठिकाणी संस्था आणि डॉक्टर ठरलेल्या दिवशी फुकट किंवा कमी पैशात घोड्याला शांतपणे मरण देतात. मालक स्वतः घेऊन येतो. त्यावरून आरडाओरडा होत नाही, म्हणून बातमीही होत नाही.

मढीची वाट

आपल्याकडं मेक्सिको-कॅनडा नाही असं समजू नका. मी गाढवांचं सांगतो. मढीला रंगपंचमीच्या सुमारास कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो, जेजुरीला पौषात, माळेगावला तर भरतोच. पूर्वी घेणारे कैकाडी, वडार, बेलदार, कुंभार, वीटभट्टीवाले. आता बाहेरचे दलालही फिरतात. आंध्रातल्या प्रकाशम, गुंटूर, कृष्णा, पश्चिम गोदावरी या जिल्ह्यांत गाढवाचं मांस अंगाला ताकद देतं या समजुतीनं बेकायदा कापलं जातं, हे पोलीस कारवायांतून कितीदा समोर आलंय. चीनमध्ये कातड्यापासून औषध करतात, त्यासाठी जगभरातली लाखो गाढवं कापली जातात. आफ्रिकेतल्या देशांनी मिळून २०२४ मध्ये कातड्याच्या धंद्यावर बंदीचा निर्णय घेतला.

पशुगणना बघा. २०१२ ला देशात गाढवं सव्वातीन लाखांच्या आसपास होती, २०१९ ला १ लाख २४ हजार. ज्यांचं पोट त्या गाढवावर आहे, त्यांना आज गाढव परवडत नाही. 'कापायला भाव मिळाला तर जनावराची किंमत टिकेल' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. किंमत वाढली ती दलालाची, पाथरवटाच्या हातातलं जनावर गेलं.

भीमथडी

त्याच गणनेत घोडे ६ लाख २५ हजारांवरून ३ लाख ४२ हजारांवर आलेत, सात वर्षांत जवळपास निम्मे. मला यात आशाही दिसते. गाय-बैलांसारखं कोटींचं काम नाही हे. एका तालुक्यात घोडे मोजायला गेलात तर एका दिवसात मोजून होतील. प्रत्येकाच्या मानेत चिप बसवा, मालकाचं नाव लावा, विकला की नाव बदला. शर्यतीच्या घोड्यांची अशी कागदपत्रं असतात, मग वरातीच्या घोड्याची का नकोत? रस्त्यावर सापडला की चिप वाचायची आणि धन्याच्या दारात नेऊन बांधायचा.

पैदाशीवरही बोला. अंगावरचा केसांचा भोवरा बघून घोडा घेणं थांबवा. डोळ्याखाली भोवरा असलेलं शिंगरू धडधाकट असलं तरी घरबुडवं म्हणून कवडीमोलानं जातं, आणि कवडीमोलानं घेतलेल्या जनावरावर कुणी औषधाचा खर्च करत नाही. ज्या मराठ्यांच्या घोडदळाच्या गोष्टी आपण सांगतो ते भीमेकाठचं काटक तट्टू, थोड्या चाऱ्यावर जगणारं, आज शोधावं लागतं. आणि आपण उंच मारवाडी घोडे आणून उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये बांधतो.

निळी पहाट (जालना)

इतका वेळ वाचतेय. जनावर मेल्यावरचं कुणीच बोललं नाही, ते मी बोलते.

माझे आजोबा गावची मेलेली ढोरं ओढायचे. महाडला १९२७ मध्ये बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेलं जनावर ओढू नका, त्याचं मांस खाऊ नका. ते सांगणं आमच्या गावापर्यंत यायला वर्षं लागली, पण आलं, आणि आमच्या वस्तीनं ते काम सोडलं. त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. आज गावात कुणाचा घोडा किंवा बैल मेला की अजूनही एखादा म्हातारा आमच्या वस्तीकडं बघतो. मागच्या पावसाळ्यात वरातीचा एक घोडा ओढ्याच्या काठी मेला, मालकानं गावच सोडलं, आणि ग्रामपंचायतीचा माणूस माझ्या भावाला विचारायला आला. भावानं सांगितलं, जेसीबी बोलवा. दोन दिवस वासानं शाळा भरवता आली नाही, मग जेसीबी आलाच.

तेव्हा सन्मानानं मरण म्हणताना त्याचा खड्डा कोण खणणार आणि पैसे कोण देणार तेही लिहा. ते काम जातीवर ढकललेलं चालणार नाही. मालकाच्या पैशानं, मशीननं, ठरलेल्या जागेवर झालं पाहिजे.

डॉ. खरारा (हिंगोली)

ताई, तुमचा मुद्दा सगळ्यांत आधी यायला हवा होता. वैद्यकाच्या बाजूनं त्यात भर घालतो. बेशुद्धीच्या औषधानं मरण दिलेलं जनावर उघड्यावर टाकलं तर ते खाणारी कुत्री आणि पक्षीही मरू शकतात. ढोरांना दुखण्यावर टोचायच्या डायक्लोफेनॅकनं, ती मेलेली ढोरं खाणाऱ्या गिधाडांचं काय झालं ते आपण पाहिलंय. जनावरांसाठी त्याच्यावर २००६ मध्ये बंदी आली तोवर गिधाडं जवळजवळ संपली होती. म्हणून खोल खड्डा, विहीर-ओढ्यापासून लांब, वर चुना. यात तडजोड नाही.

आता मरण देण्याबद्दल स्पष्ट लिहितो, कारण लोक त्याला घाबरतात. गेल्या उन्हाळ्यात एका भट्टीवरच्या घोडीला बघायला गेलो. मागचा पाय गुडघ्याखाली मोडलेला, हाड कातड्यातून बाहेर, जखमेत किडे. मालक म्हणाला, साहेब पट्टी बांधा, बरी होईल. आमच्या हातातल्या साधनांनी तसा पाय जोडता येत नाही. घोड्याला तीन पायांवर महिनोन्‌महिने उभं राहता येत नाही, दुसऱ्या पायाचं खूर आतून सुटायला लागतं. मी तासभर समजावलं. शेवटी तो कबूल झाला. आधी मानेच्या शिरेत गुंगीचं औषध दिलं. घोडीची मान खाली आली, ओठ सैल पडला, तिला आडवी घेतली. मग पूर्ण बेशुद्ध केलं, डोळ्याला बोट लावलं तरी पापणी हलत नाही याची खात्री केली, आणि मग हृदय थांबवणारं द्रावण. ती धडपडली नाही. मालक तिच्या डोक्याशी बसून होता, तिला नावानं हाका मारत होता.

अशा वेळी धन्याची संमती असली की काम सोपं असतं. धनीच नसेल किंवा तो नाही म्हणत असेल, तर त्याच १९६० च्या कायद्याच्या कलम १३ मध्ये वाट आहे. पोलीस अधिकारी पशुवैद्यकाला बोलावतो, जगवणं क्रूरपणाचं आहे असा दाखला मिळाला की दंडाधिकाऱ्याच्या हुकमानं जनावराची सुटका करता येते. पण रविवारी रात्री रस्त्यावर पडलेल्या घोड्यासाठी हे सगळं जुळेपर्यंत सकाळ होते. म्हणून मी मालक माहीत असण्यावर जोर देतो.

येळकोट

डॉक्टर, वाचून गलबललो. पण सुई देऊन मारायचं हे मन घेत नाही. देवानं दिलेला जीव देवानं न्यावा.

डॉ. खरारा (हिंगोली)

देव नेईपर्यंत त्याला किडे खात होते, येळकोटराव. तुमच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. धडधाकट म्हातारा घोडा केवळ चारा परवडत नाही म्हणून मारा, असंही मी म्हणत नाही. त्याला जगवायलाच पाहिजे. पण ज्याला वेदनेशिवाय दुसरं काही उरलं नाही, त्याला तुमच्या-माझ्या पुण्यासाठी उभं ठेवू नका. शेंबडी म्हणजे ग्लँडर्स झालेल्या घोड्याला मरण देणं तर कायद्यानंच बंधनकारक आहे. तो रोग माणसाला होतो आणि माणूस दगावतो. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडून तपासून येतो आणि सकारात्मक आला की दुसरा मार्ग नसतो. असे घोडे लपवून रातोरात दुसऱ्या जिल्ह्यात विकले जातात, ते आधी थांबवा.

येळकोट

रोग आणि मोडलेला पाय, इथपर्यंत तुमचं ऐकतो. म्हातारपणासाठी मात्र नाही. त्याला यात्रेनं जागा द्यावी. देवाच्या नावावर बाजार भरतो, कर गोळा होतो, त्यातून चार-दोन एकर आणि चारा निघाला पाहिजे.

कोरडवाहू (आष्टी)

यात्रेच्या करातून चारा निघणार असेल तर मी माझी कत्तलखान्याची मागणी मागं घेत नाही, पण थांबवतो. एक अट आहे. दुष्काळी वर्षात तो चारा बाहेरून विकत आणायचा, आमच्या छावणीच्या वाट्यातून उचलायचा नाही. आणि आधी चारा, मग पाटी लावा.

गोदाकाठ (गंगाखेड), धागाकर्ता

सगळ्यांचं वाचलं. माळेगावची यात्रा नांदेड जिल्हा परिषद भरवते, तेव्हा निवेदन तिथंच द्यायचं. मी मसुदा करतोय, त्यात काय घालतोय ते सांगतो.

बाजारात येणाऱ्या प्रत्येक घोड्याची नोंद आणि चिप, ग्लँडर्सच्या तपासणीच्या कागदाशिवाय प्रवेश नाही. प्रत्येक सौद्यावर विकणाऱ्याकडून आणि घेणाऱ्याकडून ठरावीक रक्कम, तिचा वेगळा निधी. त्या निधीतून तीन खर्च, आणि निळी पहाट ताईंचा मुद्दा मी पहिला घेतोय. मेलेल्या जनावरासाठी मशीन, खड्डा, चुना आणि तालुक्याला एक ठरलेली जागा. दुसरा, जखमी घोड्याला मरण द्यायची वेळ आली तर औषधाचा खर्च, म्हणजे मालकाला पैशाचं कारण उरणार नाही. तिसरा, धडधाकट म्हाताऱ्या घोड्यांना चारा, पण शक्यतो मालकाच्याच दारात, निम्मा त्याचा निम्मा निधीचा. औसेकरांनी सांगितलेला कोंडवाडा आपल्याला नको. फार मोजक्या घोड्यांसाठी यात्रेच्या गावी जागा मागू, येळकोट म्हणतात तशी. चाऱ्याबद्दल कोरडवाहू अण्णांची अट जशीच्या तशी घालतो. दंडाचा कायदा दिल्लीत बदलायचा आहे, तो इथून होणार नाही, पण चिपवर नाव असलेला घोडा रस्त्यावर सापडला तर त्या मालकाला पुढच्या वर्षी बाजारात जागा देऊ नये, हे जिल्हा परिषदेच्या हातात आहे. कत्तलीच्या गाड्यांवर यात्रेच्या काळात नाके लावा, तेही लिहितोय.

तांगा स्टँड

मसुद्यात एक वाक्य वाढवा. निधीची रक्कम भावाच्या टक्क्यांत घ्या. पाच लाखांचा घोडा घेणारा आणि पंधरा हजारांचं तट्टू घेणारा वीटभट्टीवाला, दोघांना सारखी पावती फाडली तर गरीब माणूस बाजाराबाहेरच सौदा करेल आणि तुमची नोंद तिथंच संपेल. आणि नालबंदाला यात्रेत बसायला फुकट जागा द्या, वर्षभराचे वाढलेले खूर निदान तिथं तरी कापून होतील.

गोदाकाठ (गंगाखेड), धागाकर्ता

दोन्ही घातलं. टक्के किती ठेवायचे ते घोडेवाल्यांनीच सांगावं असं मला वाटतं. परभणीतल्या पाच-सहा वरातवाल्यांशी तुमची ओळख असेल तर त्यांना विचारून इथं लिहाल का?

तांगा स्टँड

विचारतो. शुक्रवारी नमाजनंतर सगळे एका ठिकाणी भेटतात, तिथं कागद वाचून दाखवतो. मराठीत लिहा, पण सोपं लिहा, त्यातले दोघं-तिघं अंगठेबहाद्दर आहेत आणि सही करण्याआधी त्यांना प्रत्येक ओळ कळली पाहिजे.